उपास सोडायला पाचगणीला: एका चाळिसाव्या वाढदिवसाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या शेजारच्या घरातलं. दोघांना विचारूनच लिहितोय. नावं, गल्ली आणि हॉटेल गाळलंय, बाकी घडलं तसं ठेवलंय. मी स्वतः २२ वर्षं हॉटेलांत काढली. आधी वेटर, मग कॅप्टन, शेवटी रेस्टॉरंट मॅनेजर. आता साताऱ्यात हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना सर्व्हिस शिकवतो. बायकोच्या वाढदिवसाला घाम पुसत आलेले नवरे मी ट्रे हातात धरून शेकड्यांनी पाहिलेत. पण घरी ते काय उलाढाल करून येतात, हे या वेळी पहिल्यांदा जवळून बघितलं. त्या उलाढालीत एक चूक माझीही आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

नवरा ४६ वर्षांचा, मोटार रिवायंडिंग आणि शेतीपंपांचं दुकान. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, जानेवारीत तिला ४० पूर्ण होणार होती. मुलगी नववीत. घरात सासूबाई.

या घरातले वाढदिवस ठरलेले असतात. संध्याकाळी सासूबाई औक्षण करतात, शिरा होतो, मुलीच्या हट्टाने अर्धा किलोचा केक येतो आणि फार झालं तर राजवाड्यावर चौपाटीला पावभाजी. त्याच्या आदल्या वर्षी नवऱ्याला वाढदिवस रात्री नऊ वाजता आठवला होता. बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही, हेच त्याला वर्षभर टोचत राहिलं.

मधे एकदा ती मोबाईलवर काहीतरी बघत होती. परातीएवढी पांढरी प्लेट आणि मधोमध लिंबाएवढा पदार्थ. ती हसून म्हणाली, "अहो, एकदा असं जेवायला गेलं पाहिजे. पोट नाही भरलं तरी चालेल." नवऱ्याने ते वाक्य डोक्यात ठेवलं. सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे.

जागा कशी ठरली

हा निर्णय त्याने एकट्याने घेतला, आणि बरा घेतला. साताऱ्यात चांगलं जेवण मिळतं, पण तिने दाखवलेलं तसलं मिळत नाही. इथली हॉटेलं थाळीची, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची, नाहीतर वर 'एसी फॅमिली' आणि खाली परमिट रूम अशी. पुण्यात पर्याय भरपूर. पण ११० किलोमीटर, दोन टोलनाके, आणि जेवण आटोपून परतताना मध्यरात्री खंबाटकी घाट. दुसऱ्या दिवशी बाईंची शाळा. म्हणून पाचगणी. वाईवरून पसरणी घाट चढलं की पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. तिथल्या एका मोठ्या हॉटेलात टेस्टिंग मेन्यू होता, म्हणजे लहान लहान ताटल्या एकामागून एक येतात तो. सात कोर्स, माणशी ३,५०० रुपये अधिक कर, व्हेज आणि नॉनव्हेज वेगळे.

त्याने तीन आठवडे आधी फोन करून वाढदिवसाच्या दिवशी, गुरुवारी, रात्री आठचं टेबल धरलं. ३,००० रुपये आगाऊ भरले. अट अशी की ४८ तास आधीपर्यंत बदल करता येईल, नंतर पैसे परत नाहीत. घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. नेमकं हेच नडलं.

अडचण

चार दिवस आधी, रविवारी, त्याने आईला विश्वासात घेतलं. मुलीजवळ कुणीतरी हवं होतं ना. सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नुसती मान वळवली आणि म्हणाल्या, "अरे, त्या दिवशी संकष्टी आहे की."

बायको ११ वर्षं संकष्टी धरते. मुलगी तीन वर्षांची असताना आजारी पडली, महिनाभर दवाखान्यात होती, तेव्हा धरलेली. 'जमलं तर केलं' अशातली ही संकष्टी नव्हे. दिवसभर चहा आणि एखादं केळं. रात्री चंद्र बघून, अर्घ्य देऊन, गणपतीला मोदकाचा नैवेद्य दाखवून मग जेवण, आणि त्या जेवणात कांदा-लसूण नाही. नवरा दर महिन्याला ते जेवण शेजारी बसून जेवतो. तरी तारीख धरताना त्याला ते सुचलं नाही, कारण वाढदिवस इंग्रजी तारखेचा आणि उपास तिथीचा. एक मोबाईलमधल्या कॅलेंडरात राहतो, दुसरा स्वयंपाकघराच्या भिंतीवर.

(जाता जाता: साधारण १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळपास जुळून येतात. म्हणजे बाईंच्या एकविसाव्या वाढदिवशीही चतुर्थी किंवा तिच्या आगेमागे काहीतरी असणार. तेव्हा त्या उपास धरत नव्हत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.)

आता वेळेचं गणित बघा. कालनिर्णयप्रमाणे चंद्रोदय सव्वानऊच्या सुमारास. हॉटेलात शेवटचा प्रवेश साडेआठला, किचन बंद अकराला. सात कोर्सना सव्वादोन ते अडीच तास लागतात, कारण दोन ताटल्यांच्या मधे बारा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची असतात. तेवढ्यात खाल्लेलं जिभेवरून उतरतं, टेबल पुसलं जातं, पुढचे काटे-चमचे मांडले जातात. चंद्र बघून सुरुवात केली तर जेवण संपेतो पावणेबारा वाजणार. आणि आठ वाजता टेबलावर बसवलं, तर जिच्यासाठी हा घाट घातला ती सव्वा तास पाण्याचा ग्लास बघत बसणार.

समोरचे पर्याय

रविवारी रात्री तो माझ्याकडे आला. "दादा, आता काय करू?" आम्ही अंगणात बसून जे चाळलं ते असं.

दिवस बदलणं. हा माझा पहिला सल्ला होता. ४८ तासांची मुदत हातात होती, पैसे अडकत नव्हते. पण शुक्रवारी तिच्या शाळेचं स्नेहसंमेलन, पोरांचे नाच तिनेच बसवलेले. शनिवारी विचारलं तर हॉटेल भरलेलं, जानेवारीतला पाचगणीचा शनिवार म्हणजे विचारायलाच नको. बुधवारी तिची रंगीत तालीम. तो शेवटी म्हणाला, "आणि दादा, वाढदिवस आदल्या दिवशी म्हणजे काय, तेरवी आहे का पुढं-मागं करायला?" तो पर्याय तिथेच संपला.

दुपारचं जेवण. दिवसभर उपास, त्यामुळे प्रश्नच नाही.

उपास मोडायला सांगणं. हे सासूबाईंनी सुचवलं, म्हणजे जिच्याकडून अपेक्षा नव्हती तिने. "बाहेरगावी गेल्यावर चालतं. मी सांगते तिला." मी यावर ठाम नाही म्हणालो. धर्मशास्त्र मला कळत नाही, टेबल कळतं. मनाविरुद्ध ताटावर बसलेला माणूस मला दहा फुटांवरून ओळखू येतो. तो प्रत्येक पदार्थाला 'छान आहे' म्हणतो आणि अर्धा ठेवतो. सासूने सांगितलं म्हणून तिने मोडलाही असता उपास. मग साडेतीन हजारांच्या ताटासमोर ती तीच बाई असती, जी आदल्या वर्षी रात्री नऊ वाजता काही बोलली नव्हती.

रद्द करून घरीच काहीतरी करणं. हे त्याला नको होतं आणि मलाही पटलं नाही. 'एकदा गेलं पाहिजे' असं ती म्हणाली होती ना.

तिला सरळ सांगणं. हे मी तीनदा म्हणालो. तिला सांग की असं असं टेबल धरलंय, त्या दिवशी संकष्टी आहे, तुला कसं जमेल? तिचा उपास, तिचा वाढदिवस, नियम तिला ठाऊक. किती वाजता निघायचं, काय चालतं, काय नाही, चंद्र ढगात गेला तर काय, याची उत्तरं त्या घरात एकाच माणसाकडे होती, आणि त्याच माणसाला विचारायचं नाही असं आम्ही दोन बाप्ये अंगणात बसून ठरवत होतो. त्याचं उत्तर, "मग त्यात मजा काय राहिली?"

शेवटी उरलं ते असं की दिवस तोच, जागा तीच, जेवण चंद्रोदयानंतर, आणि त्यासाठी हॉटेलला वाकवायचं.

हॉटेलशी बोलणं

सोमवारी सकाळी त्याने माझ्याशिवायच फोन केला. रिझर्वेशनच्या मुलीला कांदा-लसूण नको हे सांगताना तो अडखळला, तिने विचारलं, "म्हणजे जैन का सर?" तो म्हणाला, "हो, तसंच." तिने टिपून घेतलं आणि साडेआठनंतर प्रवेश नाही हेही सांगितलं.

हा 'जैन' शब्द आपल्याकडच्या किचनांत फार पक्का बसलाय. तो ऐकला की कांदा-लसणाबरोबर जमिनीखालचं सगळंच जातं. बटाटा, गाजर, बीट, रताळं, सगळं. संकष्टीला यातलं काहीच वर्ज्य नाही. उलट दिवसभराच्या उपासानंतर पोटाला आधार देणारं तेच असतं. युरोपीय धाटणीच्या व्हेज मेन्यूतून आधी कांदा-लसूण काढायचा आणि वर कंदमुळंही काढायची, म्हणजे शेफच्या हातात पनीर, मशरूम आणि प्रार्थना एवढंच उरतं. त्या पद्धतीत पुष्कळ सूप-सॉसचा पाया कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून परतण्यापासून होतो. त्यातला कांदा काढणं म्हणजे वरून पेरलेली कोथिंबीर काढण्यासारखं नसतं. स्टॉकच, म्हणजे भाज्या उकळून काढलेला अर्कच, वेगळा लावावा लागतो, आणि तो सकाळी लावावा लागतो. म्हणून टेबलावर बसल्यावर 'कांदा-लसूण नको हं' म्हणणाऱ्या पाहुण्याला आम्ही हसून 'शुअर सर' म्हणायचो, आणि आत शेफच्या शिव्या खायचो.

दुसरा फोन आम्ही दोघांनी मिळून केला. मी त्याला तीन गोष्टी पढवल्या. रिझर्वेशनशी नको, रेस्टॉरंट मॅनेजरशी बोल. फोन दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या मधे कर, कारण लंच आवरलेलं असतं, डिनरचं सुरू झालेलं नसतं, आणि माणूस खुर्चीवर बसलेला सापडतो. आणि 'ॲडजस्ट करा' म्हणू नको. त्या शब्दावर कुणालाच नक्की काय करायचं ते कळत नाही. नेमकं मागायचं.

त्याने मागितलं ते असं: बायकोचा चाळिसावा वाढदिवस आहे, संकष्टी आहे, चंद्र दिसेपर्यंत ती काही खाणार नाही. पहिली ताटली सव्वानऊनंतर. कांदा-लसूण अजिबात नाही, बटाटा-गाजर चालेल. दारू नाही. चंद्र दिसेल अशी पूर्वेची जागा मिळेल का?

मॅनेजर भला निघाला. सात कोर्स जमणार नाहीत, पाच करू, माणशी २,८०० लावू. साडेआठचा प्रवेश कागदोपत्री ठेवा, आल्यावर गच्चीवर बसवतो. पाचगणी कृष्णेच्या खोऱ्यावर, वाईच्या अंगाला झुकलेली, त्यामुळे हॉटेलची गच्ची पूर्वेलाच होती. तो पुढे म्हणाला की उपासानंतर पहिली ताटली लहान असते, तोवर पाहुणा भुकेने कासावीस होतो, तेव्हा ब्रेड आधीच आणून ठेवतो. हे मलासुद्धा सुचलं नव्हतं.

मला आणखीही एक सुचलं नव्हतं, ते म्हणजे अंडं. संकष्टी म्हटल्यावर माझ्या डोक्यात कांदा-लसूण एवढंच वाजत राहिलं, आणि 'व्हेज' म्हटलं की अंडं आपोआप गेलं असं मी धरून चाललो. इतकी वर्षं हॉटेलांत काढलेल्या माणसाने धरून चालायला नको होतं. पेस्ट्रीचा विभाग मुख्य किचनपासून वेगळा चालतो. मुख्य किचनला गेलेला निरोप तिथे पोचतोच असं नाही.

गुरुवार

सकाळी सासूबाईंनी औक्षण केलं. या वेळी उपासामुळे केक नव्हताच. नवऱ्याने बायकोला अर्धवट सांगितलं: "संध्याकाळी उपास सोडायला बाहेर जायचंय. चांगली साडी नेस." कुठे, ते नाही. हा त्याने काढलेला मधला मार्ग. पूर्ण सांगितलं असतं किंवा काहीच सांगितलं नसतं, तर पुढचा घोटाळा झाला नसता.

बायकोने सरळ अर्थ लावला. संकष्टी, वाढदिवस, नवरा गाडी काढतोय आणि वाईच्या दिशेने चाललाय, म्हणजे ढोल्या गणपती. रास्त्यांनी बांधलेलं ते कृष्णेकाठचं देऊळ तिच्या विशेष मायेचं. शाळेतून आल्या आल्या तिने उकड काढली, अकरा मोदक केले, स्टीलच्या डब्यात भरले, दूर्वा घेतल्या, अर्घ्यासाठी छोटा तांब्या घेतला. नवरा बघत होता. त्याला वाटलं, नैवेद्याचं घेतलं, बरं झालं.

साडेसहाला निघाले. पाचवडवरून वाई आली आणि गाडी थेट घाटाच्या रस्त्याला लागली.

"अहो, गणपती मागं राहिला."

नवरा गप्प. ती पुन्हा म्हणाली. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं, ते टेबल, सात कोर्सचे पाच, चंद्र, गच्ची. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण आधी दर्शन." संकष्टीची गर्दी, रांग, घाटावर पणत्या. पाऊण तास गेला. माझ्या मते त्या संध्याकाळी सगळ्यात नीट पार पडलेला भाग हाच, आणि तो कुणी ठरवलेला नव्हता.

हॉटेलात पोचायला साडेआठच्या ऐवजी पावणेनऊ झाले. मॅनेजरने त्यांना गच्चीवर शाली देऊन बसवलं. जानेवारीत पाचगणीची रात्र चांगलीच बोचरी असते. सव्वानऊ वाजले, चंद्र नाही. कालनिर्णयातली वेळ क्षितिजाची असते. समोर डोंगर, वर थंडीतलं धुरकट. अशा वेळी वेळ झाली की हात जोडून उपास सोडणारेही असतात, पण ही बघून सोडणारी. नवऱ्याने हे मॅनेजरला सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते माहीत नव्हतं. आत किचनमध्ये पहिली ताटली सव्वानऊच्या हिशेबाने लागलेली, भोपळ्याचं सूप दोनदा गरम झालं. वेटर दोनदा वर येऊन गेला.

नऊ पस्तीसला खोऱ्यापलीकडे तांबूस चकती दिसली. तिने अर्घ्य दिलं, डब्याचं झाकण काढून नैवेद्य दाखवला. वेटरने लांबून बघितलं आणि पुढे आला नाही. तो पोरगा कुणी शिकवलाय मला माहीत नाही, पण चांगला शिकवलाय.

आता डब्याचा प्रश्न. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो नुसता धंद्यासाठी नसतो. बाहेरच्या पदार्थाने पोट बिघडलं तरी नाव हॉटेलचंच येतं. मॅनेजरने दोन मिनिटं विचार केला आणि पाच मोदक आत मागवून घेतले. थोड्या वेळाने पहिली ताटली आली. परातीएवढी पांढरी प्लेट, तिच्या मधोमध तिचाच एक उकडीचा मोदक, बाजूला तुपाचा थेंब. ती इतकी हसली, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मोदक तिने हातानेच खाल्ला. नवऱ्याने चार दिवस मोबाईलवर बघून पाठ केलेला काटे-चमचे वापरायचा नियम, 'बाहेरच्या चमच्याकडून आतल्याकडे', तिथेच संपला.

पुढचं भराभर सांगतो. ब्रेडबरोबरच्या लोण्यात लसूण होता, तो आत पासवरच, म्हणजे ताटल्या बाहेर जायच्या कट्ट्यावरच, पकडला गेला आणि साधं लोणी आलं. सूप चांगलं होतं. बटाट्याच्या पातळ कापांचा थर दिलेला एक पदार्थ दोघांनाही फार आवडला, आणि 'जैन' तसंच राहिलं असतं तर तोच गेला असता. पाचवा कोर्स चॉकलेट मूस. वेटरने ठेवताना तिने सहज विचारलं, "यात अंडं नाही ना?" तो आत जाऊन आला. "थोडंसं असतं मॅम." तिने चमचा खाली ठेवला. नवऱ्याचा चेहरा पडला. किचन आवरत आलं होतं, नवीन काही बनणार नव्हतं. मग आतून महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी, वर साय आणि पिठीसाखर असं आलं. हंगामच होता. बाई म्हणतात ते चांगलं होतं. मूसचा विषय निघाला की मी अजूनही अंगणातून उठून जातो.

बिल

दोघांचे ५,६००, त्यावर १० टक्के सेवाशुल्क ५६०, आणि एकूण ६,१६० वर १८ टक्के जीएसटी १,१०८.८०. मिळून ७,२६९. आगाऊचे ३,००० वजा जाऊन दिले ४,२६९. बक्षीस म्हणून ३०० वेगळे.

नवऱ्याला १८ टक्के खटकले, कारण साताऱ्यातल्या हॉटेलात तो ५ टक्के बघतो. यात गैर काही नाही. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, बाकीच्यांना ५. सेवाशुल्काची गोष्ट वेगळी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते बिलात आपोआप लावता येत नाही, ते देणं-न देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढावं लागतं, नाही काढलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

नवऱ्याला हे माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्याने काढायला सांगितलं नाही. "मोदक प्लेटमधे घालून आणणाऱ्याशी ५६० रुपयांवरून काय भांडू?" मला हे पटतं आणि नाहीही. ते ५६० त्या वेटरपर्यंत किती पोचतात ते गिऱ्हाइकाला कळत नाही. ३०० पोचले, कारण हातात दिले. बायकोसमोर बिलावर बोट ठेवायचं नसेल, तर हा प्रश्न टेबल धरतानाच विचारायचा, सेवाशुल्क लावता का, म्हणून. फोनवर कुणाची मान खाली जात नाही.

निष्पत्ती

अकरा वाजून गेल्यावर निघाले, घाट सावकाश उतरले, घरी पोचायला साडेबारा झाले. सासूबाई जाग्या होत्या. "काय काय होतं?" दोघांनाही एका पदार्थाचं नाव सांगता आलं नाही. सूप होतं, बटाट्याचं काहीतरी होतं, आणि आपलेच मोदक होते. उरलेले सहा मोदक सासूबाईंनी आणि मुलीने सकाळी खाल्ले.

मुलगी मात्र दोन दिवस फुगून होती. आईचा वाढदिवस आणि तिला घरी ठेवलं, हा तिचा मुद्दा. दोघांनीच जायचं, हा नवऱ्याचा विचार होता आणि तो चुकीचा नव्हता. पण तिला आधी सांगून सामील करून घेतलं असतं, तर ती रुसली नसती. शिवाय कालनिर्णय बघायला तिने आजीच्या कितीतरी आधी सांगितलं असतं.

वेगळं काय करता आलं असतं

महिनाभराने मी बाईंना एकटीला गाठून विचारलं. बाई, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

त्यांनी फार विचार केला नाही. म्हणाल्या, "दिवस हाच ठेवला असता. फक्त शाळेतून अर्धी रजा काढली असती. चारला निघून आधी गणपती, मग उजेडी पाचगणीच्या टेबललँडवर बसलो असतो, तिथं मी सहलीच्या पोरांना घेऊन दहादा गेलेय, पण ह्यांच्याबरोबर एकदाही नाही. चंद्र डोंगरामुळं उशिरा दिसणार हे मी सांगितलं असतं. अंड्याचंही सांगितलं असतं."

म्हणजे आमच्या सगळ्या चुका त्यांनी एका दमात सोडवल्या. मी मग विचारलं, गंमत गेली असती ना पण? त्या म्हणाल्या, "गणपतीला चाललोय म्हणून मी खूश होते, मग घाटात कळलं की हॉटेलला चाललोय. खूश मी दोन्हीला झाले असते. पण मधे पाच मिनिटं मला वाटलं, ह्यांना संकष्टी माहीतच नाहीय."

ही पाच मिनिटं नवऱ्याला मी सांगितलेली नाहीत. आता वाचून कळेल.

माझ्या बाजूने तीन बदल. तारीख धरण्याआधी घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं, मोबाईलमधलं नव्हे. हॉटेलला वेळ घड्याळाची देताना पुढे एक वाक्य जोडायचं, 'चंद्र दिसल्यावर, अर्धा तास मागेपुढे होईल', म्हणजे किचन सूप लावून बसत नाही. आणि काय नको याची यादी सांगून झाली की शेवटी एकदा विचारायचं, गोडात अंडं आहे का? हा प्रश्न आता मी वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतो. पोरं हसतात, मी कारण सांगत नाही.

तो मॅनेजर मात्र ताटली उशिरा लागली, सूप दोनदा गरम झालं, तरी मोदकाला प्लेट द्यायचं सुचलं, म्हणून माझ्या हिशेबात पास. मी त्याच्या जागी असतो तर डबा गच्चीवरच उघडून खायला सांगितला असता. नियमही राहिला असता आणि पाहुणाही. ती मात्र तशी हसली नसती.

आता नवऱ्याचा वाढदिवस येतोय. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे बहुतेक वर्षी श्रावणात, आणि त्याला वाढदिवसाला मटण लागतं. बाई गेल्या आठवड्यात अंगणात आल्या होत्या. कालनिर्णय सोबत आणलं होतं.